मैत्रीबद्दल इंग्रजीत बोलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात डिचोलीला आमच्या सोप्यावर दर शनिवारी संध्याकाळी इंग्रजी बोलायला माणसं जमतात. कोणी वाळपईहून येतं, कोणी साखळीहून, एक काका मयेहून येतात. शाळेत शिकवणाऱ्या बाई आहेत, हॉटेलच्या रिसेप्शनवरची मुलगी आहे, बोटीवर जायच्या तयारीतला एक पोरगा आहे, मुलगा परदेशात राहतो अशी एक आई आहे. आमचा सगळ्यात जास्त वेळ मैत्रीवर बोलण्यात जातो आणि तेच ते प्रश्न फिरून येतात. ते इथे उतरवले आहेत. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. ती मनात नको, तोंडाने वाचा.

मला इंग्रजी पेपर वाचता येतो, मग मैत्रिणीबद्दल दोन वाक्यं बोलताना जीभ का अडते?

आपल्यापैकी पुष्कळांची चौथीपर्यंतची शाळा मराठी. पाचवीत गेलो आणि विज्ञान, गणित, भूगोल सगळं इंग्रजीतून सुरू झालं. त्यामुळे इंग्रजी आपल्याकडे आलं ते पुस्तकातून, वहीत उतरवून घ्यायची भाषा म्हणून. मैत्रिणीशी भांडण झालं तेव्हा आपण मराठीत भांडलो, कोंकणीत रडलो. इंग्रजीला त्या खोलीत कधी घेतलंच नाही.

आणखी एक कारण खुद्द इंग्रजीत आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबाराची, न्यायालयाची भाषा फ्रेंच झाली. तेव्हापासून इंग्रजीत दोन थर पडले. फ्रेंच आणि लॅटिनमधून आलेले भारदस्त शब्द एकीकडे, आणि घरात, शेतात वापरायचे गेट, मेक, फॉल, पुट, स्टँड असे जुने छोटे शब्द दुसरीकडे. शाळेने आपल्याला पहिला थर दिला. 'टॉलरेट' येतं, 'पुट अप विथ' येत नाही. 'रिकन्साइल' लिहिता येतं, पण बोलताना माणसं 'मेक अप' म्हणतात. आपल्याकडेही हेच आहे. 'सहन करणे' निबंधात, 'खपवून घेणे' घरात. 'समेट घडणे' वर्तमानपत्रात, 'गोडी होणे' दारात. मैत्री ही घरातली गोष्ट, म्हणून तिच्यासाठी घरातलं इंग्रजी लागतं.

फ्रेजल व्हर्ब म्हणजे काय? ते पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही का?

क्रियापदाला अप, आउट, ऑफ, डाउन असा छोटा शब्द जोडला की अर्थच बदलतो, त्या जोडीला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. 'फॉल' म्हणजे पडणे, पण 'फॉल आउट' म्हणजे भांडण होऊन संबंध बिघडणे. 'लेट' म्हणजे देणे, होऊ देणे, पण 'लेट डाउन' म्हणजे ऐन वेळी दगा देणे, निराश करणे. यादी पाहिली की छाती दडपते, हे मी दर शनिवारी चेहऱ्यांवर पाहते.

मराठी माणसाने मात्र मुळीच घाबरू नये. 'बोलणे' हे एकच क्रियापद घ्या. तो बोलून गेला, म्हणजे नकळत तोंडातून निघालं. तो बोलून बसला, म्हणजे आता पस्तावतोय. त्याने बोलून टाकलं, म्हणजे मनावरचं ओझं उतरलं. त्याने बोलून दाखवलं, म्हणजे टोचेल असं ऐकवलं. गेला, बसला, टाकलं, दाखवलं या शब्दांचा इथे चालण्या-बसण्याशी काही संबंध उरलेला नाही, आणि तरी चौघांतला फरक चार वर्षांच्या पोराला कळतो. त्याने तो पाठ केला नव्हता. कोण, कधी, कोणाला बोलून बसलं ते त्याने पाहिलं होतं. इंग्रजीचे हे जोडशब्दही असेच, माणसांसकट आणि प्रसंगासकट शिकायचे. ज्या वाक्प्रयोगाला तुमच्या ओळखीचा चेहरा चिकटला, तो विसरत नाही. बाकी सगळी पद्धत यातूनच निघते.

मग सुरुवात कुठून करू?

एक मैत्रीण निवडा. खरी, नाव असलेली, जिच्याशी कधीतरी बिनसलं आणि पुन्हा जुळलं अशी. तिची गोष्ट पहिल्या दिवसापासून सांगायला लागा. बहुतेक मैत्र्या एकाच वाटेने जातात, आणि त्या वाटेवरच्या प्रत्येक वळणाला इंग्रजीत एक ठरलेला शब्द आहे. आमच्यातल्या एकीने चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, गोष्ट सांगितली होती, तीच इथे घेते.

ती आणि तिची मैत्रीण कॉलेजच्या पहिल्या दिवशी कदंबच्या बसमध्ये शेजारी बसल्या आणि साखळी येईपर्यंत मेतकूट जमलं. हे इंग्रजीत 'वी हिट इट ऑफ राइट अवे'. 'हिट' भूतकाळातही 'हिट'च राहतं. मग दोघी कॉलेज सुटल्यावर उगाच एकत्र वेळ घालवायच्या, काही ठरवून नाही : 'वी यूस्ड टू हँग आउट आफ्टर कॉलेज'. हळूहळू ती मनातलं सांगायला लागली : 'शी ओपन्ड अप टू मी'. 'ओपन अप'च्या पुढे 'टू' येतं, 'विथ'ही चालतं. दोघींचं छान पटायचं : 'वी गॉट अलाँग'. ब्रिटिश माणूस तिथे 'गॉट ऑन' म्हणेल, अर्थ तोच.

लग्नं झाली, एक पेडण्याला गेली, एक मडगावला. भांडण नाही, तंटा नाही, नुसती गाठभेट कमी होत गेली. याला 'वी ड्रिफ्टेड अपार्ट'. दोर सुटलेली होडी मांडवीच्या पाण्यावर आपोआप लांब जाते, ते डोळ्यासमोर आणा, कारण 'ड्रिफ्ट'चा मूळ अर्थ तोच. मग उसन्या पैशांवरून शब्दाला शब्द लागला. 'वी फेल आउट ओव्हर मनी'. ज्या कारणावरून बिनसलं त्याच्या आधी 'ओव्हर', ज्या माणसाशी बिनसलं त्याच्या आधी 'विथ'. 'आय फेल आउट विथ हर'.

दोन वर्षं अबोला. मग एका चवथीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायला माणूस कमी पडलं. ती मैत्रीण भावाबरोबर सहज आली होती, शिडीखाली उभी राहिली आणि न बोलता एकेक जिन्नस वर देऊ लागली. नारळाची पेंड, आंबाडे, कांगलां, घागरी. शिडीवरची हात खाली करायची, खालची त्यात वस्तू ठेवायची. शेवटी सुपारीचं शिपटं वर देताना ती म्हणाली, 'अगो, नीट बांध, गेल्या खेपेला पडलं होतं.' एवढंच. 'अँड वी मेड अप.' हे चार शब्द सांगताना आमची ती मैत्रीण थांबली होती, आणि मग तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी सरळ.

आता दोघी दर महिन्याला भेटून राहिलेल्या गोष्टी एकमेकींना सांगतात : 'वी कॅच अप एव्हरी मंथ'. या एका गोष्टीत आठ वाक्प्रयोग आले. पहिला महिना एवढे आठच पुरेत.

'लेट डाउन हिम' म्हणायचं की 'लेट हिम डाउन'?

'लेट हिम डाउन'. ही चूक आमच्याकडे सगळ्यात जास्त होते. नियम असा की काही जोड्या फुटतात आणि काही फुटत नाहीत. 'लेट डाउन' फुटते. पूर्ण नाव असेल तर दोन्हीकडे चालतं, 'लेट डाउन माय फ्रेंड' किंवा 'लेट माय फ्रेंड डाउन'. पण हिम, हर, मी, देम असं सर्वनाम आलं की ते मधेच बसतं. 'चीअर हर अप', 'कॉल मी अप', 'टर्न देम डाउन'.

तीन शब्दांच्या जोड्या फुटत नाहीत. 'पुट अप विथ हिम', 'लुक अप टू हर', 'फॉल आउट विथ देम'. 'रन इन्टू' म्हणजे अवचित गाठ पडणे, तीही फुटत नाही : 'आय रॅन इन्टू हर अॅट म्हापसा मार्केट'. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाणाऱ्याला हे वाक्य दर आठवड्याला वापरता येईल. नियम डोक्यात ठेवून कोणी बोलत नाही. प्रत्येकीचं एक वाक्य दहा वेळा म्हणून ठेवा, कान बाकीचं सांभाळतो.

'मैत्री झाली', 'मैत्री केली' हे इंग्रजीत कसं म्हणायचं?

'माय फ्रेंडशिप हॅपन्ड विथ हर' असं वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. मराठीत मैत्री होते, राग येतो, आठवण येते. आपल्याकडे भावना स्वतः चालत येतात. इंग्रजीत माणूस कर्ता होतो. 'वी बिकेम फ्रेंड्स', 'आय मेड फ्रेंड्स विथ हर'. एकच मैत्रीण झाली तरी या वाक्यात 'फ्रेंड्स' अनेकवचनीच.

'माझी एक मैत्रीण' म्हणताना 'वन ऑफ माय फ्रेंड' होतं, ते 'वन ऑफ माय फ्रेंड्स' करा. त्याहून सोपं आणि गोड, 'अ फ्रेंड ऑफ माइन'. 'फ्रेंड सर्कल' आपल्या देशात सगळ्यांना कळतं, बाहेर नुसतं 'माय फ्रेंड्स' म्हणा. 'मी तिला दहा वर्षं ओळखते' याचं 'आय नो हर सिन्स टेन इयर्स' होतं, ते 'आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स' असं हवं. हे काळाचं गणित अजून जमत नसेल तर सरळ 'वी गो बॅक अ लाँग वे' म्हणा. फार जुनी ओळख आहे, एवढा अर्थ त्यात आला.

मी पुरुष आहे. माझ्या मैत्रिणीबद्दल बोलताना 'गर्लफ्रेंड' म्हटलं तर चालेल?

नाही. पुरुषाने 'माय गर्लफ्रेंड' म्हटलं की ऐकणारा प्रेमसंबंधच समजतो. तुम्ही 'अ फ्रेंड ऑफ माइन' म्हणा आणि पुढच्या वाक्यात 'शी' आलं की ती बाई आहे हे आपोआप कळतं. इंग्रजीला 'मित्र' आणि 'मैत्रीण' असे दोन शब्द लागत नाहीत.

इथेच 'मेक अप' आणि 'मेक आउट' यांचाही घोळ होतो. भांडण मिटवणे ते 'मेक अप'. अमेरिकन बोलण्यात 'मेक आउट' म्हणजे प्रेमाने चुंबन घेत बसणे. 'आय मेड आउट विथ माय फ्रेंड' असं एका तरुणाने मुलाखतीच्या सरावात म्हटलं होतं. त्याचं बोलणं संपल्यावर आम्ही त्याला अर्थ सांगितला. ते आमच्यासमोर चुकलेलं बरं. आणखी एक जोडी जवळजवळची आहे. 'शी स्टुड अप फॉर मी' म्हणजे ती माझ्या बाजूने उभी राहिली. 'शी स्टुड मी अप' म्हणजे भेटायचं ठरवून ती आलीच नाही. शब्द तेवढेच, एक 'फॉर' गेला आणि जिवलग मैत्रीण बेभरवशाची ठरली. संकटात सोडून न जाणं ते 'शी स्टुड बाय मी'.

आपल्या म्हणी आणि वाक्प्रचार सरळ भाषांतर करून वापरले तर?

'मेतकूट जमलं' याचं भाषांतर कोणी करू नये, समोरच्याला डाळी-तांदळाची भुकटी दिसेल. पण काही ठिकाणी दोन्ही भाषा अगदी शेजारी उभ्या आहेत. पाठीत खंजीर खुपसणे आणि 'स्टॅब इन द बॅक'. माघारी बोलणे आणि 'टॉक बिहाइंड समवन्स बॅक'. हे असे जुळे आधी शिका, फुकटात मिळतात.

उलट बाजूने सांगायचं तर आपल्या काही शब्दांना इंग्रजीत जागाच नाही. पोरांची कट्टी आणि बट्टी, 'अबोला' हा केवढा नेमका शब्द. 'वी वेअर नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स' हे त्याच्या जवळ जातं, पण त्यात रुसवा नाही. असे शब्द मी लोकांना तसेच मराठीत म्हणायला सांगते आणि मग इंग्रजीत दोन वाक्यांत समजावून द्यायला लावते. 'इन मराठी वी कॉल इट अबोला. यू आर हर्ट, सो यू स्टॉप टॉकिंग अँड वेट फॉर द अदर पर्सन टू कम.' असं बोलणाऱ्याचं इंग्रजी कच्चं आहे असं कोणालाही वाटत नाही. ऐकणारा उलट पुढे सरकून बसतो.

मैत्रीवरच्या कोणत्या इंग्रजी म्हणी आजही बोलण्यात आहेत?

'अ फ्रेंड इन नीड इज अ फ्रेंड इनडीड' सगळ्यांना पाठ असते. हा विचार इंग्रजांचाही नव्हे, ख्रिस्तपूर्व काळातल्या एनियस या रोमन कवीची लॅटिन ओळ सिसेरोने उद्धृत केली आहे : खरा मित्र अनिश्चित काळात ओळखू येतो. पण आज संभाषणात ही पूर्ण म्हण फारशी कोणी म्हणत नाही, ती भाषणातली वाटते. त्याऐवजी 'शी वॉज देअर फॉर मी' म्हणा. साधं आहे आणि त्यातच सगळं आलं.

'थ्रू थिक अँड थिन' मात्र जिवंत आहे. मुळात हे घनदाट रानातून आणि विरळ रानातून जाण्याबद्दलचं बोलणं. सत्तरी तालुक्यातल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही, म्हादईच्या काठचं रान त्यांनी पाहिलेलं असतं.

'फेअर वेदर फ्रेंड' म्हणजे सुखात सोबत, संकटात गायब. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते. खवळलेल्या दर्यात जो तुमच्याबरोबर होडी ढकलायला येत नाही आणि ऑगस्टमध्ये मासळी आली की हजर होतो, तो हा. हे चित्र आमच्या एका मासेमार कुटुंबातल्या मुलाने दिलं, मी ते आता सगळ्यांना सांगते.

'बेरी द हॅचेट' म्हणजे वैर संपवणे. हॅचेट ही छोटी कुऱ्हाड. उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत तह झाला की शस्त्र जमिनीत पुरण्याची प्रथा होती, त्यावरून हा शब्दप्रयोग आला. तो जुन्या, मोठ्या भांडणाला शोभतो. काल रुसलो आणि आज बोललो, त्याला 'मेड अप' पुरे. मनातला गैरसमज बोलून दूर करणं ते 'क्लिअर द एअर'. पहिल्याच भेटीत काहीतरी बिनसलं तर 'वी गॉट ऑफ ऑन द राँग फूट'. दोघांची मतं जुळत नाहीत तर 'वी डोंट सी आय टू आय'. मैत्री राहून मतभेद असू शकतात, आणि त्यासाठी हा वाक्प्रयोग फार कामाचा आहे.

शब्द बरोबर असूनही समोरच्याला कळत नाही. उच्चारात काय चुकतं?

बहुधा जोर. फ्रेजल व्हर्बमध्ये जोर मागच्या छोट्या शब्दावर येतो. आपण 'फेल'वर जोर देतो आणि 'आउट' गिळतो, व्हायला हवं उलट. 'वी फेल आउट' म्हणताना आवाज 'आउट'वर उचला. 'वी मेड अप', इथे 'अप'वर. पण त्याच जोडीचं नाम झालं की जोर पुढे सरकतो. 'लेट्स कॅच अप' मध्ये 'अप'वर, 'वी हॅड अ गुड कॅच-अप' मध्ये 'कॅच'वर.

दुसरं म्हणजे संधी. मराठीत आपण संधी वर्षानुवर्षं शिकलो, इंग्रजी बोलताना ती मुकाट्याने होते. 'हँग आउट' कानाला 'हँगाउट' ऐकू येतं, 'मेड अप' 'मेडप', 'हिट इट ऑफ' जवळजवळ 'हिटिटॉफ'. आधीच्या शब्दाचं व्यंजन पुढच्या स्वराला चिकटवा. एकेक शब्द तोडून म्हणणाऱ्यापेक्षा असं बोलणारा जास्त कळतो.

सराव नेमका कसा करायचा?

आमची एक ठरलेली रीत आहे. तुमच्या मित्राची एक गोष्ट घ्या आणि ती चार मिनिटांत एकाला सांगा. मग तीच गोष्ट दुसऱ्याला तीन मिनिटांत, तिसऱ्याला दोन मिनिटांत. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या लेखनामुळे ही पद्धत शिक्षकांत पसरली. ऐकणारा दर वेळी नवा हवा, म्हणजे तुम्हाला सांगावंसं वाटतं. पहिल्या खेपेला माणूस शब्द शोधतो, तिसऱ्या खेपेला गोष्ट सांगतो. हा बदल मी शेकडो वेळा पाहिला आहे आणि अजून दर वेळी मला त्याचा आनंद होतो.

ऐकणाऱ्यालाही काम द्या. त्याने गप्प बसू नये. 'अँड देन?', 'डिड यू टू मेक अप?', 'हाउ डिड यू टू मीट?' असं विचारत राहावं. संभाषण म्हणजे अर्धं विचारणं.

कामावर जाणाऱ्या दोघांनी चोडण-रायबंदर फेरीबोटीचा उपयोग केला. काही मिनिटांचंच पाणी, बोलणं आटोपशीर ठेवायला अगदी बरोबर. जाताना एकाने गोष्ट सांगायची, येताना दुसऱ्याने. पलीकडचा धक्का आला की गोष्ट संपलीच पाहिजे.

बोलत असताना चूक दाखवायची की नंतर?

नंतर. वाक्याच्या मधे हात घातला की माणूस गोष्ट सोडतो आणि व्याकरण बघू लागतो. आम्ही वहीत टिपतो आणि शेवटी फक्त दोन चुका सांगतो. पाच सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही.

माझ्याशी बोलायला कोणीच नाही. घरात सगळे मराठी किंवा कोंकणी बोलतात.

मोबाईलवर स्वतःचा आवाज टिपून ठेवा. सोमवारी एका मित्राची दोन मिनिटांची गोष्ट, शुक्रवारी तीच पुन्हा. मग दोन्ही ऐका. पणजीला पाटो इथल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाणं होत असेल तर तिथून सोप्या इंग्रजी गोष्टींची पुस्तकं आणा आणि संवाद मोठ्याने वाचा.

आणि घरात मराठी-कोंकणी चालते ही अडचण मानू नका. आपण एकाच दिवसात पाव आणणाऱ्या पोदेराशी कोंकणीत, शाळेत मराठीत, बँकेत इंग्रजीत बोलतो. भाषा बदलण्याची सवय आपल्या जिभेला आहे. एखादा शब्द अडला तर मराठीत म्हणून पुढे जा, वाक्य तेवढं पूर्ण करा.

नोकरीच्या मुलाखतीत किंवा परीक्षेत हे वाक्प्रयोग वापरावेत का?

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतला बोलण्याचा भाग ११ ते १४ मिनिटांचा असतो. दुसऱ्या भागात एक कार्ड देतात, तयारीला एक मिनिट मिळतं आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायचं असतं. मित्राचं किंवा ओळखीच्या व्यक्तीचं वर्णन हा तिथला नेहमीचा प्रकार. बोलीतले वाक्प्रयोग नेमके वापरले तर शब्दसंपत्तीच्या गुणांना मदतच होते. पण पाठ केलेल्या म्हणी एकामागून एक ओतल्या की ते परीक्षकाला लगेच कळतं. दोन मिनिटांत तीन-चार पुष्कळ झाले.

हॉटेलच्या मुलाखतीत जरा सांभाळून. 'आय गेट अलाँग वेल विथ माय कलीग्ज' उत्तम. 'हँग आउट' सहकाऱ्यांबद्दल चालेल, पाहुण्यांबद्दल नको.

ब्रिटिश आणि अमेरिकन यांत मोठा फरक आहे का?

या विषयात फारसा नाही. ब्रिटिश माणूस मित्राला 'मेट' म्हणतो, अमेरिकन 'बडी'. दोन्ही कळू द्या, स्वतः 'फ्रेंड' म्हणा. नवा शब्द म्हणून 'अनफ्रेंड' सांगता येईल, २००९ साली न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता. तो फेसबुकपुरता ठेवा. प्रत्यक्षातल्या दुराव्याला 'ड्रिफ्टेड अपार्ट' किंवा 'फेल आउट' हेच बरे.

मित्राच्या घरी दुःखद प्रसंग असेल तर काय बोलावं? चुकीची भीती वाटते.

ही भीती योग्य आहे, कारण इथे एका छोट्या शब्दाने घात होतो. 'पास्ड अवे' म्हणजे वारले. 'पास्ड आउट' म्हणजे बेशुद्ध पडले. आपल्या देशात 'आय पास्ड आउट इन टू थाउजंड टेन' म्हणजे पदवी घेतली असा अर्थ करतात, बाहेरच्याला मात्र तुम्ही बेशुद्ध पडलात असं वाटतं, तिथे 'आय ग्रॅज्युएटेड' म्हणा. परदेशातल्या मैत्रिणीचे वडील गेले तर 'आय हर्ड युअर फादर पास्ड अवे. आय अॅम सो सॉरी' एवढं हळू आवाजात म्हटलं तरी पुरतं. 'हाउ आर यू होल्डिंग अप?' म्हणजे या दुःखात तू कशी तग धरून आहेस. हा प्रश्न नुसत्या 'हाउ आर यू'पेक्षा खूप जवळचा आहे. मग ऐका. अशा वेळी म्हणी नकोत. 'आय अॅम हिअर फॉर यू' म्हणा, आणि ते खरं असेल तरच म्हणा.

सराव करताना कोणाचे डोळे भरून आले तर?

थांबतो. पाणी देतो. तिला मराठीत बोलू देतो, त्या दिवशी इंग्रजी बाजूला.

एक बाई होत्या. त्यांच्या बालमैत्रिणीशी काही बिनसलं नव्हतं, नुसता फोन करायचा राहून गेला होता. आज करते, उद्या करते, चवथ झाली की करते. मग बातमीच आली. त्या शनिवारी त्यांनी सगळं मराठीत सांगितलं, दिवेलागण झाली तरी कोणी उठलं नाही. पुढच्या शनिवारी त्या आल्या, खुर्चीवर बसल्या आणि कोणी विचारायच्या आत एकच वाक्य म्हणाल्या. 'आय केप्ट पुटिंग इट ऑफ.' मी वही उघडली होती. जोर बरोबर 'ऑफ'वर पडला होता, 'इट' मधे बसलं होतं. त्या पानावर मी काही लिहिलं नाही.